ऐकू येणारं शनिवारचं पान

रत्नमालाताई साळवे यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त निघणाऱ्या ग्रंथात मीही लिहावं, असं संपादक मंडळानं कळवलं. तेव्हा मला सगळ्यात आधी आठवला तो त्यांच्या ऑफिसचा जिना. जुना जालन्यात कापडाच्या एका ठोक दुकानाच्या वर ताईंचं ऑफिस. जिना अरुंद, त्यात निम्म्या पायऱ्यांवर दुकानाचे गठ्ठे. नोकरी मागायला गेलो त्या दिवशी मी एका गठ्ठ्याला अडखळून दारातच पडता पडता वाचलो. आतून ताई म्हणाल्या, "सावकाश. आमच्याकडं सगळे असेच येतात."

मी तेव्हा बी.एड. होऊन घरी बसलेलो होतो. शिक्षकाच्या जागा निघत नव्हत्या. मधल्या काळात संगणकाचा एक कोर्स केला होता आणि जालन्यात वेबसाइट बनवणाऱ्या एका कंपनीत माणूस हवा आहे, एवढंच ऐकून वाटूरहून आलो होतो. कंपनी म्हणजे दोन खोल्या, स्वतः ताई आणि डिझाइनचं काम बघणारे शकीलभाई. मला वाटलं, आता संगणकाचे अवघड प्रश्न येणार. ताईंनी मात्र एक कोरा कागद पुढे केला.

"खालच्या शेठचं दुकान आपण साइटवर टाकलंय. साड्यांचे फोटो त्यांना स्वतःला बदलता आले पाहिजेत. कसे बदलायचे ते त्यांच्यासाठी लिहून द्या."

मी पानभर लिहिलं. पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे: 'संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावरील छायाचित्र अद्ययावत करण्याकरिता सर्वप्रथम…' ताईंनी ते वाचलं आणि मला घेऊन खाली उतरल्या. शेठनी चष्मा लावला, दोन ओळी वाचल्या आणि काळजीच्या सुरात विचारलं, "ताई, ही नोटीस कोणाची आली?"

ताई हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "आता ह्यांच्या शेजारी बसा. हे जसं बोलतात तसं लिहा." मी संध्याकाळपर्यंत गठ्ठ्यांमध्ये बसून होतो. शेवटी लिहिलं ते असं: 'फोटोवर बोट ठेवा. खाली बदला असं येईल. ते दाबा.' शेठनी आपल्या हातानं एका पैठणीचा फोटो बदलला आणि शेजारच्या दुकानदाराला बोलावून दाखवला. वर आल्यावर ताई म्हणाल्या, "उद्यापासून ये." तुम्हीचं तू झालं, तेव्हाच नोकरी लागल्याचं मला कळलं.

ताई मूळच्या भोकरदन तालुक्यातल्या. लग्नानंतर जालन्यात आल्या आणि त्यांनी टायपिंगचा क्लास काढला. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी कचेऱ्यांमध्ये त्यांच्या हाताखाली शिकलेली बोटं काम करत आहेत. पुढे टाइपरायटरचे दिवस सरले. त्या वयात दुसरं कुणी असतं तर क्लासला कुलूप लावून निवांत झालं असतं. ताईंनी चाळिशी ओलांडल्यावर संगणकाच्या वर्गात नाव घातलं आणि आपल्या लेकीच्या वयाच्या मुलींबरोबर पहिल्या बाकावर बसून त्या वेबसाइट बनवायला शिकल्या. अजूनही ऑटोवाल्याला ऑफिसचा पत्ता सांगताना 'टायपिंगवाल्या ताईंकडं' असंच सांगावं लागतं. अजूनही त्या कीबोर्ड टाइपरायटरसारखा बडवतात. आमच्याकडे कीबोर्ड फार टिकत नाहीत.

त्यांच्या कामाची एक रीत मला पहिल्याच वर्षी दिसली. साइटचं नाव, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, त्या नेहमी ग्राहकाच्याच नावावर विकत घेतात, आणि सगळे पासवर्ड पाकिटात घालून त्याच्या हाती देतात. भोकरदनचे एक डॉक्टर आमच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या दवाखान्याचं नाव आधीच्या माणसानं स्वतःच्या नावावर घेऊन ठेवलेलं होतं आणि तो माणूस फोन उचलत नव्हता. डॉक्टर अगदी रडवेले झाले होते. ताईंनी त्यांना नवं नाव घेऊन दिलं आणि त्यांच्या हातात पाकीट ठेवलं. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, उद्या आमचं पटलं न्हाई तर हे घेऊन कुठंबी जा. घर तुमचं, किल्ली तुमची."

आता मूळ विषयाकडे येतो.

दर शनिवारी आमच्याकडून ग्राहकांच्या फोनवर एक पान जायचं. त्यात कामाची एखादी युक्ती आणि वेबच्या जगातली एखादी बातमी असे. दुकानाच्या वेळा साइटवर बराबर टाका. फोटो जड असेल तर पान उघडायला वेळ लागतो, तो हलका कसा करायचा. साइटला सुरक्षेचं कुलूप नसेल तर ब्राउझर पत्त्याजवळ 'असुरक्षित' असं लिहू लागलेत, घाबरू नका, ते कुलूप असं लावा. हे पान लिहायचं काम ताईंनी माझ्याकडे दिलं. शकीलभाई त्याला रंगीत चौकट, सुंदर अक्षरं, कोपऱ्यात नक्षी असा साज चढवत आणि आम्ही ते चित्र करून पाठवत असू. जुन्या फोनवर मराठी अक्षरं तुटायची, जोडाक्षरांचे तुकडे व्हायचे. चित्रात मात्र सगळं जागच्या जागी राही.

हे पान वाटूरला माझ्या वडिलांनाही जायचं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, गावात सगळे त्यांना काळे गुरुजी म्हणतात. मी मास्तर व्हावं ही त्यांची फार इच्छा. माझं काम त्यांना समजत नव्हतं आणि मला ते समजावता येत नव्हतं. गावी गेलो की ते एकदाच विचारायचे, "काय करून राह्यला तू तिथं?" मी म्हणायचो, "वेबसाइट." संभाषण तिथंच संपायचं. माझ्या हातचं त्यांना कळणारं काम म्हणजे ते शनिवारचं पान. ते बाबा नीट वाचत आणि चुका काढत. चुका मात्र मला सांगत नसत. थेट ताईंना फोन करत. 'किंमत' मधली वेलांटी, 'आणि' मधला ण, वाक्य लांबलंय, सगळं. ताई ते ऐकून घेत आणि मला म्हणत, "गुरुजींचा शेरा आलाय." बापलेकांमध्ये जे बोलणं व्हायचं ते असं ताईंच्या मार्फत.

एका शनिवारी पान पाठवून झाल्यावर ताईंनी मला हाक मारली. "संतोष, गुरुजींचा फोन न्हाई आला बऱ्याच दिवसांत." मी म्हणालो, चुका झाल्या नसतील. त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि बाबांना फोन लावला. हाताशी काम होतं म्हणून फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर केला. त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं.

"गुरुजी, नमस्कार. रत्नमाला बोलतेय. आमचं पान आवडून न्हाई राह्यलं का?"

बाबा म्हणाले, "ताई, आता मला दिसत न्हाई. काचबिंदू झाल्ता. एक डोळा आधीच गेल्ता, आता दुसराबी गेल्यातच जमा. लेकीनं फोन बोलका करून देलाय. बातम्या ऐकतो, लोकांचे निरोप ऐकतो. तुमचं पानबी येतं. पण त्याच्यावर बोट ठेवलं की फोन नुसता 'चित्र' म्हणतो, अन् गप्प बसतो."

"मंग घरात कोणी वाचून न्हाई दाखवत?"

"हिला बारीक अक्षर लागत न्हाई. अन् दुसऱ्याला किती येळा म्हणायचं, माझ्या पोरानं काय लिहिलंय ते वाच म्हणून?"

बाबांना कमी दिसतं हे आम्हाला माहीत होतं, माझ्या बहिणीनं त्यासाठीच फोन बोलका करून दिला असणार. इतकं कमी झालंय, हे त्यांनी आईलाही धड सांगितलेलं नव्हतं. ताई सावकाश म्हणाल्या, "गुरुजी, चूक आमची हाय. येत्या शनिवारी पान बोलेल."

फोन ठेवून त्यांनी माझ्याशी सांत्वनाचं काही बोलायचं टाळलं, त्याबद्दल मी आजही त्यांचा आभारी आहे. त्यांनी स्वतःच्या फोनमधली बोलायची सोय चालू केली, डोळे मिटले आणि आम्ही बनवलेली एकेक साइट उघडून ऐकायला सुरुवात केली. शकीलभाई आणि मी शेजारी बसून होतो. फोन सांगत होता: चित्र. चित्र. बटण. चित्र. दुकानाच्या वेळा, भाव, पत्ता, सगळं आम्ही हौसेनं चित्रात कोरून ठेवलेलं होतं. दुपारभर हे चाललं. शेवटी ताईंनी डोळे उघडले. "इतकी वर्षं आपण लोकांच्या दुकानावर पाट्या लावत होतो," त्या म्हणाल्या, "अन् काही लोकांसाठी त्या कोऱ्याच होत्या."

शकीलभाईंना वाईट वाटलं. पान सजवण्यात त्यांचा जीव होता. "ताई, मंग माझं काम क्या राह्यलं?" त्यांनी विचारलं. ताई म्हणाल्या, "शकीलभाई, अक्षरांचं चित्र करू नका. अक्षरंच सुंदर करा. तुमच्याशिवाय ते कोण करणार?" तिसऱ्या दिवशी शकीलभाईंनी साध्या मजकुराला अशी मांडणी दिली, की पान पूर्वीपेक्षा मोकळं आणि देखणं दिसू लागलं. आता फोनही पुष्कळ सुधारले होते, जोडाक्षरं तुटत नव्हती. चित्राची सवय तेवढी आम्हाला सुटली नव्हती.

त्या शनिवारी पान गेलं आणि लगेच ताईंचा फोन वाजला. बाबांचा आवाज पुन्हा खणखणीत झाला होता.

"ताई, पान बोललं. पण खाली तुमचा फोन नंबर हाय का कापसाचा हिशेब? मशीन अमुक अब्ज तमुक कोटी म्हणून राह्यली."

आम्ही नंबर सलग लिहिला होता. पुढच्या वेळी आकडे सुटे केले. मग बाबांचे शेरे येतच राहिले. तारीख तिरक्या रेघेनं लिहिली तर फोन भागाकार करतो. मथळ्याशेजारी मी शोभेला चांदण्या टाकल्या होत्या, त्यावर त्यांनी विचारलं, "हे पान हाय का आभाळ? चमकता तारा, चमकता तारा ऐकून कटाळलो." ताईंनी एक नियमच केला. पान शुक्रवारी आधी गुरुजींकडे जाईल, ते ऐकतील, आणि मगच शनिवारी बाकीच्यांना. हा उपचार नव्हता. गुरुजींनी थांबा म्हटलं तर ताई खरोखर थांबत.

एकदा बाबांनी विचारलं, "फोटो टाकता ते ठीक हाय. पण त्यात काय हाय ते आम्हाला कसं कळावं?" फोटोमागे दोन ओळींचं वर्णन लिहून ठेवता येतं आणि बोलका फोन ते वाचतो, हे आम्हाला पुस्तकातून माहीत होतं, पण आम्ही कधी लिहीत नव्हतो. ताईंनी मला पुन्हा खाली शेठच्या दुकानात बसवलं. 'साडी' एवढंच लिहू नको म्हणाल्या, बाई दुसऱ्या बाईला फोनवर जशी सांगते तशी सांग. मी लिहू लागलो: मोरपंखी रंग, बोटभर काठ, काठात कोयरी, पदर भरलेला. शेठनी आधी नाक मुरडलं होतं. पुढे बायका फोन करून 'ती कोयरीच्या काठाची दाखवा' असं विचारू लागल्या, तेव्हा ते स्वतः मला रंगांची नावं सांगायला लागले. ग्राहकांच्या सगळ्या साइटी आम्ही हळूहळू अशा बोलत्या केल्या.

हे सगळं गोडीगुलाबीनं झालं असं मात्र नाही. शेतीच्या अवजारांचा एक मोठा व्यापारी आमचा ग्राहक होता. ऑफिसचं निम्मं काम त्याच्याकडून यायचं. त्याला साइट उघडताच सगळं पान झाकणारी एक जाहिरात हवी होती आणि ती बंद करायची फुली दिसेल न दिसेल अशी बारीक हवी होती. आम्ही ती करून बाबांना ऐकवली. त्यांचा फोन त्या जाहिरातीत अडकून बसला, आत जाता येईना, बाहेर येता येईना. ताईंनी त्या गृहस्थांना ऑफिसात बोलावून सगळं सांगितलं. जाहिरात पानावर एका बाजूला लावू, मोठी लावू, पण वाटेत आडवी नको, अशी विनंती केली.

ते म्हणाले, "ताई, आमचा शेतकरी डोळस हाय. आंधळे काय ट्रॅक्टर घ्यायला येणार हायेत का?"

ताई म्हणाल्या, "ज्याला आज दिसतं त्यालाबी उद्या दिसेलच असं न्हाई, शेठ. अन् दारात पोतं आडवं टाकून गिऱ्हाइकाला आत ये म्हणायचं, हे मला जमणार न्हाई."

ते गृहस्थ दुसऱ्या एजन्सीकडे गेले. ते परत येतील असं आम्हाला बरेच दिवस वाटत होतं. ते आले नाहीत. आम्हाला दोनपैकी एक खोली सोडावी लागली. खोली सोडायच्या दिवशी टेबलं शकीलभाईंनी आणि मी हलवली. ताई त्या दिवशी नेमक्या नव्हत्या. कुठे गेल्या म्हणून विचारलं, तर समजलं, त्या नव्या एजन्सीच्या मुलांना त्या व्यापाऱ्याच्या साइटची बारीकसारीक माहिती समजावून द्यायला गेल्या होत्या. संध्याकाळी परत आल्या आणि म्हणाल्या, "पोरं हुशार हायेत. त्यांना सगळं दिलंय." त्यांच्या चेहऱ्यावर थकवा होता, कडवटपणा नव्हता. मी घरी गेल्यावर बायकोला सांगितलं, ही नोकरी मी आपण होऊन सोडणार नाही.

एका खोलीत आम्ही जरा दाटीवाटीनं बसू लागलो. कामं छोटी येत होती, पण येत होती.

ताईंनी माझ्या घरावर केलेला सगळ्यात मोठा उपकार यानंतरचा आहे. बाबा पान ऐकत होते, शेरे देत होते, पण बाकीचा दिवस ओट्यावर बसून जायचा. जन्मभर वर्गात उभा राहिलेला माणूस. ताईंच्या ते बोलण्यातून लक्षात आलं असावं. एका शुक्रवारी शेरे देऊन झाल्यावर त्या बाबांना म्हणाल्या, "गुरुजी, वाटूरला तुमच्यासारखे अजून कितीतरी असतील. कोणाला मोतीबिंदू, कोणाला अक्षर ओळखता येत न्हाई. फोन बोलका करायचा कसा, ते त्यांना कोण शिकवणार?"

"मी आता काय शिकवतो, ताई. मला फळा दिसत न्हाई."

"ह्याला फळा लागतोच कुठं?"

पुढच्या शुक्रवारी बाबा म्हणाले, "वाचनालयात रविवारी सकाळी जागा देतो म्हणले सरपंच."

पहिल्या वर्गाच्या दिवशी मी आदल्या रात्रीच गावी गेलो होतो. सकाळी वाचनालयात सतरंजीवर सातआठ म्हातारी माणसं जमली, तीन बायका, आमच्या वस्तीतले, बौद्धवाड्यातले, सगळे. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. ते उभं राहून सांगू लागले, हे बटण दोन वेळा दाबायचं, बोट हळू फिरवायचं, जल्दी करायची नाही, फोन बोलेपर्यंत दम धरायचा. मध्येच दारातून कोणीतरी आत येऊन मागे बसलं. मी वळून पाहिलं तर ताई. जालन्याहून एसटीनं आल्या होत्या, कोणाला कळवलं नव्हतं. मी उठू लागलो तर त्यांनी हातानंच खाली बसवलं.

थोड्या वेळानं ताईंनी मागून विचारलं, "गुरुजी, आवाज हळू करायचा असेल तर?"

बाबा थांबले. "मधी बोलायचं न्हाई," असं त्यांच्या सवयीप्रमाणे म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा बदलला. "रत्नमालाताई?"

"हजर हाय, गुरुजी."

दोघांची ती पहिलीच भेट. इतकी वर्षं नुसतं फोनवरचं बोलणं. वर्ग संपल्यावर आम्ही घरी आलो. आईनं चहा केला. बाबा ओट्यावर ताईंच्या आवाजाच्या दिशेला तोंड करून बसले होते. मी जरा बाजूला उभा होतो, मी तिथं आहे हे त्यांना माहीत होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही.

"ताई," बाबा म्हणाले, "हा कधी मोकळं बोलला न्हाई माझ्याशी. मीबी न्हाई बोललो. आता दर शनिवारी घरी आल्यासारखा वाटतो. आवाज मशीनचा राहतो, पण बोलणं ह्याचंच हाय, मला वळखू येतं. डोळे होते तव्हा इतका भेटत नव्हता."

ताईंनी कप खाली ठेवला. पदरानं चष्मा पुसला आणि पुष्कळ वेळ तो पुसतच राहिल्या. परतीच्या एसटीत त्यांनी मला खिडकीशेजारची जागा दिली आणि जालना येईपर्यंत पुढच्या शनिवारी काय लिहायचं याचंच बोलत होत्या.

वाटूरचा तो वर्ग अजून चालू आहे. ताईंनी मग भोकरदनला आणि जालन्यात बुद्धविहारात येणाऱ्या मुलींच्या मदतीनं तसेच वर्ग सुरू करून दिले. आता कृत्रिम बुद्धिमत्तेनं साइट घडीभरात तयार होते, आम्ही काय करायचं, म्हणून मी घाबरलो होतो. ताई शांतपणे ते नवं साधन शिकायला बसल्या, पहिल्या बाकावर बसल्यासारख्याच. त्यानं केलेली पहिली साइट त्यांनी ऐकून पाहिली आणि म्हणाल्या, "ह्यालाबी शिकवावं लागेल."

ताई, तुमचा वाढदिवस साजरा करायला तुम्ही मोठ्या मुश्किलीनं तयार झालात, म्हणून थोडक्यात मागणं मागतो. तुमचे गुडघे त्या जिन्याला पुरून उरोत आणि शेठ गठ्ठे पायऱ्यांवरून हलवोत. तुमची नजर शेवटपर्यंत स्वच्छ राहो. तुमच्या बोटांखाली अजून पुष्कळ कीबोर्ड झिजोत. रागावण्याइतकी ताकद आणि आम्हाला शिकवण्याइतका धीर तुमच्या अंगात वर्षानुवर्षं टिको. या जिल्ह्यात कुठेतरी कुणी डोळे मिटून फोनवर बोट ठेवेल आणि फोन नीट, समजेल असं बोलेल, तेव्हा त्या माणसाला तुमचं नाव ठाऊक नसेल. त्याचं आयुष्य त्या दिवशी थोडं सोपं झालेलं असेल. तशी सोपी केलेली सगळी आयुष्यं तुमच्या वाट्याला जोडली जावोत, आणि तुम्ही आमच्यामध्ये दीर्घकाळ, निरोगी, आनंदात राहा.

वाटूरहून बाबांचा नमस्कार. तो त्यांनी वेगळा सांगायला सांगितला आहे.